आतली कल्हई

‘गिळणे’ या एका क्रियापदावर मराठी माणसाचे निम्मे आयुष्य निघते. आपण अपमान गिळतो, राग गिळतो, आवंढा गिळतो आणि वेळ पडली की मूग गिळून गप्प बसतो. आमच्या घरच्या बोलीतही तेच. एखादी गोष्ट पटली नाही की अम्मी म्हणायची, “ये बात हलक से उतरती नहीं.” पण घास एकदा घशाखाली उतरला की पुढे त्याचे काय होते, याची चौकशी ना मराठी करते ना उर्दू. जिभेच्या वाट्याला चव आली, पोटाच्या वाट्याला भूक आली. या दोघींच्या मधली पंचवीसएक सेंटिमीटर लांबीची नळी मात्र म्हणीतही नाही आणि गाण्यातही नाही. मराठीत तिला अन्ननलिका म्हणतात, पण ते नाव शाळेच्या पुस्तकाबाहेर फारसे फिरकत नाही.

आमच्या लहानपणी गावात एक हकीमसाहेब होते. ते या नळीला ‘मरी’ म्हणत. शब्द मूळचा अरबी. आम्हा मुलांना मरी म्हटले की वेशीबाहेरची मरीआई आठवायची, पटकीची साथ आठवायची. हकीमसाहेब एखाद्याच्या गळ्याखाली बोट ठेवून “मरी में वरम है” म्हणाले की आम्ही घाबरून एकमेकांकडे पाहत असू. पुढे मोठेपणी वाचनात आले की या मरीच्या सर्वांत वाईट आजाराचे वर्णन इब्न जुहर या हकीमाने करून ठेवले आहे. हा अंदलुसियातल्या इश्बिलियाचा, म्हणजे आजच्या स्पेनमधल्या सेव्हिल शहराचा. त्याचा मृत्यू 1162 सालचा. दुखणे हलक्या वेदनेने आणि गिळण्याच्या किंचित त्रासाने सुरू होते, हळूहळू वाढते आणि शेवटी वाट पुरती बंद होते, असे त्याने लिहिले. अशा रुग्णाला चांदीच्या नळीतून अन्न घालावे, असेही सुचवले. साडेआठशे वर्षांपूर्वीचा हा माणूस रोगाचा क्रम बरोबर सांगत होता. त्याची एकच अडचण होती. त्याला आत पाहता येत नव्हते.

आत पाहण्याचे महत्त्व मला अब्बांनी शिकवले, पण ते भांड्यांच्या संदर्भात. अब्बा कल्हईवाले. मंगळवेढ्याच्या बाजारात त्यांचा भाता असे. पातेले निखाऱ्यावर तापवायचे, नवसागराची चिमूट टाकायची, पांढरा धूर उठला की कथील फिरवायचे आणि बोळ्याने क्षणात सारे आतले अंग चांदीसारखे करून टाकायचे. गिऱ्हाईक भांडे घेऊन आले की अब्बा ते आधी उन्हाकडे तिरपे धरत आणि एक डोळा मिटून आत पाहत. बाहेरून लख्ख घासलेले पातेले पुढे करून एखादी बाई म्हणे, “अजून चांगलं आहे की हो!” त्यावर अब्बांचे उत्तर ठरलेले : “बाई, भांडं बाहेरनं बघायचं नसतं, आतनं बघायचं.” कल्हई गेलेल्या भांड्यात ताक ठेवले तर काय होते, हे त्या पिढीतल्या प्रत्येक घराला ठाऊक होते.

मंगळवेढा हा ज्वारीचा मुलूख. अब्बांना कडक भाकरी लागे, तीही तव्यावर पापडासारखी वाळवलेली. 2002 च्या पावसाळ्यानंतर कधीतरी ती भाकरी कालवणात कुस्करली जाऊ लागली. मग भाकरी गेली आणि भात आला. मग भातही मऊ, पातळ. नंतर चहात बुडवलेला पाव. त्या त्या वेळी प्रत्येक बदलाला एक सबळ कारण होते. दात हलत होते, वय सत्तरीकडे झुकले होते, हवा बदलली होती. अब्बांची तक्रार एका वाक्यापलीकडे गेली नाही. “हलक में कुछ अटक्या सरका लगता.” अम्मी पाण्याचा तांब्या पुढे सरकवायची आणि घास खाली जायचा.

मोहल्ल्यातले डॉक्टर भले गृहस्थ होते. त्यांनी छातीतल्या जळजळीच्या गोळ्या दिल्या, काही दिवस बरे वाटले, पुन्हा दिल्या. त्यांच्या टेबलावर बॅटरी होती, जीभ दाबायची पट्टी होती, रक्तदाबाचे यंत्र होते. पडजिभेच्या पलीकडे पाहण्याचे मात्र एकही साधन त्या खोलीत नव्हते. अशा हजारो खोल्या महाराष्ट्रात आहेत आणि बहुतेकांचे पहिले दुखणे तिथेच बोलते.

2003 च्या अखेरीस आम्ही अब्बांना सोलापूरला नेले. दुर्बीण घालायची म्हणून रात्रीपासून उपाशी ठेवले होते. सकाळी परिचारिकेने विचारले, “बाबा, काही खाल्लं-प्यायलं नाही ना?” अब्बा हसून म्हणाले, “पचास साल से रोजे रखता हूं बेटी, एक रात की क्या बात है.” घशात बधिर करणारा फवारा मारला, दातांमध्ये प्लॅस्टिकची कडी बसवली, डाव्या कुशीवर झोपवले. बोटाएवढ्या जाडीची काळी नळी आत गेली आणि अर्ध्या वाटेवर थांबली. पुढे जागाच नव्हती. डॉक्टरांनी पडद्यावरचे चित्र दाखवले. अब्बांनी ते बराच वेळ पाहिले आणि माझ्याकडे वळून एवढेच म्हणाले, “कल्हई गयेली है.” 2004 च्या उन्हाळ्यात ते गेले.

त्याच वर्षी, नोव्हेंबरमध्ये, अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अन्ननलिका पाहण्यासाठी बनवलेल्या एका गोळीला परवानगी दिली. गोळी म्हणजे औषध नव्हे, कॅमेरा. लांबी 26 मिलिमीटर, जाडी 11 मिलिमीटर. एखाद्या मोठ्या जीवनसत्त्वाच्या कॅप्सूलएवढी. ही बातमी मला पुढे बऱ्याच दिवसांनी, डॉक्टर झालेल्या माझ्या भाच्याकडून कळली. मी आयुष्यभर मराठी शिकवलेला माणूस, यंत्रातले मला फारसे कळत नाही. पण या गोळीने मला सोडले नाही. भाच्याला विचारून, मिळेल ते वाचून मी तिचा माग काढत राहिलो.

तिची जन्मकथा विलक्षण आहे. गॅव्रिएल इद्दान हे इस्रायलमधल्या राफेल या शस्त्रास्त्र संस्थेतले अभियंते. क्षेपणास्त्राच्या टोकावर बसून लक्ष्य हेरणारा डोळा हा त्यांच्या कामाचा विषय. 1981 साली ते अमेरिकेत बोस्टनला असताना त्यांची पोटाच्या विकारांचे डॉक्टर ऐतान स्कापा यांच्याशी ओळख झाली. लहान आतड्याच्या लांबच लांब वळणांत दुर्बिणीला शेवटपर्यंत जाता येत नाही, ही आपली अडचण स्कापांनी त्यांना सांगितली. तिच्यातून पुढे कल्पना निघाली की हा डोळा इतका लहान करावा की माणसाला तो गिळता येईल. लंडनमधले डॉक्टर पॉल स्वेन स्वतंत्रपणे याच मागावर होते. दोन्ही वाटा एकत्र आल्या, 1999 मध्ये स्वेन यांनी गोळी स्वतः गिळून पाहिली आणि 2001 मध्ये अमेरिकेत तिला मान्यता मिळाली. ती पहिली गोळी लहान आतड्यासाठी होती. सेकंदाला दोन चित्रे, आठ तास, म्हणजे पन्नास हजारांवर चित्रे कमरेच्या पट्ट्यातल्या यंत्राकडे पाठवायची आणि मग निसर्गाच्या वाटेने बाहेर पडायची.

इशाच्या नमाजनंतर मशिदीच्या पायरीवर ही हकीकत मी मित्रांना सांगितली, तेव्हा एक जण गप्प झाला. थोड्या वेळाने म्हणाला, “सर, तो डोळा कुणाची घरं शोधायला बनवला होता, ते पण सांगा की.” त्याचे म्हणणे खोटे नव्हते. त्याच विद्येची दुसरी बाजू माणसे मारते, हे विसरून या गोळीचे कौतुक करता येत नाही. आणि गोळी नाकारल्याने कुणाचा जीव वाचतो असेही नाही. दोन्ही गोष्टी मनात एकत्र बाळगाव्या लागतात. त्या रात्री त्यावर आणखी कोणी काही बोलले नाही.

अन्ननलिकेसाठी वेगळी गोळी का करावी लागली, याचे कारण साधे आहे. आतड्यात गोळी तासन्‌तास रेंगाळते. अन्ननलिकेतून ती पाण्याच्या घोटाबरोबर काही सेकंदांत खाली जाते. रेल्वेच्या खिडकीतून एखाद्या लहान स्टेशनची पाटी वाचण्यासारखाच तो प्रकार. म्हणून या गोळीला दोन्ही टोकांना कॅमेरे बसवले आणि सेकंदाला चौदा चित्रांची गती दिली. रुग्णाला पाठीवर झोपवून गोळी गिळायला लावायची, मग टप्प्याटप्प्याने तीस अंश, साठ अंश असे उठवत न्यायचे, म्हणजे ती सावकाश उतरेल. भूल नाही, नळी नाही, उबळ नाही. परत जाताना माणूस आपल्या पायांनी घरी जाणार.

पाश्चात्त्य देशांत या गोळीकडून अपेक्षा होती ती एका विशिष्ट दुखण्यासाठी. जठरातले आम्ल वर्षानुवर्षे वर येत राहिले की अन्ननलिकेचे खालचे अस्तर झिजते आणि त्याच्या जागी वेगळ्याच पेशींचे अस्तर चढते. नॉर्मन बॅरेट या लंडनच्या शल्यचिकित्सकाने 1950 मध्ये याविषयी लिहिले, त्यांचेच नाव त्याला पडले. अब्बांच्या भाषेत सांगायचे तर मूळची कल्हई उडाली आणि शरीराने हाताला लागली त्या धातूची नवी कल्हई चढवली. ही नवी कल्हई बहुतेकांना आयुष्यभर काही करत नाही. थोड्यांच्या बाबतीत मात्र तिच्यातूनच कर्करोग उगवतो. जळजळ होणारे लोक कोट्यवधी, बॅरेट असणारे त्यांतले थोडे आणि कर्करोगाकडे जाणारे त्या थोड्यांतले फारच थोडे. सगळ्यांना दुर्बीण घालणे अमेरिकेलाही परवडत नाही. मग चाळणी लावायची कुठे? तर जिथे माणूस जळजळीची गोळी मागायला येतो तिथेच, घरच्या डॉक्टरच्या दवाखान्यात. कॅमेऱ्याच्या गोळीचे सारे स्वप्न या एका जागेवर उभे होते.

ते स्वप्न पहिल्या फेरीत पुरे झाले नाही. 2009 मध्ये नऊ अभ्यासांतल्या 618 रुग्णांचा हिशेब एकत्र मांडला गेला. शंभर बॅरेटग्रस्तांपैकी साधारण 77 जण गोळीला सापडत होते, बाकीचे निसटत होते. गोळी महाग, एकदाच वापरायची, तिला मागे वळवता येत नाही, संशयित जागी थांबवता येत नाही. आणि मुख्य म्हणजे तिला डोळा आहे, हात नाही. संशय आला तरी तपासायला तुकडा काढून आणता येत नाही. त्यासाठी शेवटी दुर्बीणच हवी.

मग बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये डॉ. गॅरी टिअर्नी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोळीला दोरा बांधला. 2013 मध्ये त्यांनी आपले काम प्रसिद्ध केले. पहिल्या परीक्षेत तेरा माणसे होती. ही गोळी पारदर्शक. तिच्यात नेहमीचा कॅमेरा नाही. आत प्रकाशाचा एक बारीक किरण गरगर फिरतो आणि अस्तराच्या वेगवेगळ्या थरांवरून परतणाऱ्या प्रकाशातून चित्र तयार होते. सोनोग्राफीत आवाज जे काम करतो ते इथे प्रकाश करतो. त्यामुळे केसाच्या जाडीहून बारीक गोष्टी दिसतात आणि नुसता पृष्ठभाग न दिसता त्याखालचे थरही दिसतात. गोळी पाण्याबरोबर खाली जाते, दोरा तिला सावकाश वर ओढून आणतो. वर-खाली दोन-चार फेऱ्या, पाच-सहा मिनिटांचे काम. मग ती बाहेर काढून, निर्जंतुक करून पुन्हा वापरायची. विहिरीत पडलेली घागर गळ टाकून काढतात, त्या जातीची ही युक्ती. कॅमेऱ्याच्या गोळीला जे जमले नाही, थांबणे आणि मागे फिरणे, ते एका दोऱ्याने साधले.

2016 मध्ये याच मंडळींनी आणखी एक अनुभव लिहिला. मला तो यंत्राहूनही महत्त्वाचा वाटला. त्यांनी हे सारे साहित्य मोठ्या रुग्णालयातून उचलले आणि साध्या प्राथमिक सेवेच्या दवाखान्यात नेऊन पाहिले. तिथल्या कर्मचाऱ्यांना ते पेलते का, नेहमीच्या तपासणीला आलेली माणसे गोळी गिळायला राजी होतात का, एवढाच प्रश्न होता. दोन्हीकडून आशा वाटावी असे उत्तर मिळाले. हे वाचताना माझ्या डोळ्यांसमोर आमच्या मोहल्ल्यातली ती खोली उभी राहिली. शोध यंत्राचा लागला हे खरे. पण ते कोणत्या उंबरठ्यावर ठेवायचे, हा विचारही शोधाइतकाच मोठा आहे.

गंमत अशी की या शर्यतीत आज पुढे गेलेली वस्तू आंधळी आहे. इंग्लंडमध्ये केंब्रिजच्या डॉ. रिबेका फिट्झजेरल्ड यांनी दोऱ्याला बांधलेली एक कॅप्सूल केली. तिच्यात ना कॅमेरा ना प्रकाश, फक्त दाबून बसवलेला स्पंज. कॅप्सूल पोटात विरघळली की स्पंज फुलतो आणि दोऱ्याने वर ओढताना साऱ्या वाटेवरच्या पेशी खरवडून आणतो. प्रयोगशाळेत त्यांची परीक्षा होते. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या मोठ्या अभ्यासात इंग्लंडमधले 109 घरगुती डॉक्टरांचे दवाखाने होते आणि जळजळीची औषधे घेणारी तेरा हजारांवर माणसे. ज्या गटाला स्पंज देऊ केला त्यात 140 जणांना बॅरेट सापडला. नेहमीच्या उपचाराच्या, जवळपास तेवढ्याच गटात फक्त 13 जणांना. 2022 मध्ये अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेनेही चाळणीसाठी दुर्बिणीला पर्याय म्हणून अशा स्पंजाच्या कॅप्सूलला जागा दिली. डोळा असलेली गोळी अजून रांगेत आहे. हात असलेली गोळी दारापर्यंत पोहोचली.

पण या सगळ्याचा आपल्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. विचारायलाच हवे. अब्बांना बॅरेट नव्हता. अन्ननलिकेच्या कर्करोगाच्या दोन जाती आहेत. आम्लातून, बॅरेटमधून येणारी जात पश्चिमेकडे वाढली. आपल्याकडे बहुतांश रुग्णांत सापडते ती दुसरी. तिचे सोबती तंबाखू, दारू, सुपारी आणि चटका देणारे पेय. अब्बांच्या खिशात चुन्याची डबी कायम असे आणि चहा त्यांना भात्यावरून उतरल्या उतरल्या लागे. कपातला चहा बशीत ओतून, फुंकर घालून पिणाऱ्यांना ते हसत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2016 मध्ये 65 अंश सेल्सियसच्या वरचे पेय हे कर्करोगाचे संभाव्य कारण ठरवले. बशीत ओतून पिणारेच शहाणे निघाले म्हणायचे.

या दुसऱ्या जातीचा पट्टा पाहिला की आपल्याच माणसांची वस्ती दिसते. कास्पियन समुद्राकाठचा इराणचा गुलिस्तान प्रांत, तिथले तुर्कमेन लोक. पन्नास हजारांवर माणसांवर तिथे वर्षानुवर्षे अभ्यास चालला. 60 अंशांच्या वरचा चहा दिवसाला 700 मिलिलिटरहून अधिक पिणाऱ्यांना हा धोका सुमारे नव्वद टक्क्यांनी जास्त, असे 2019 मध्ये त्यातून पुढे आले. आपल्या देशात काश्मीर, तिथला समोवार आणि वाफाळती नून चाय. गुलिस्तान म्हणजे फुलबाग. नाव एवढे सुंदर आणि तिथल्या माणसांच्या गळ्यात हा काटा. केंब्रिजचा तो स्पंज या जातीच्या रोगासाठी कितपत उपयोगी पडतो, याची पहिली चाचपणी उत्तर इराणमध्येच झाली. ती 2014 मध्ये प्रसिद्ध झाली. म्हणजे बॅरेटसाठी जन्मलेली वस्तू आपल्या दुखण्याकडेही वळू शकते. पण कोणीतरी तिला वळवावे लागते. श्रीमंत देशांचे दुखणे आधी यंत्राच्या नजरेस पडते आणि गरिबांचे नंतर, हा क्रम आपोआप बदलत नाही.

आपल्याकडे असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात तीन कर्करोगांची तपासणी ठरवली आहे. तोंडाचा, स्तनाचा आणि गर्भाशयमुखाचा. तिन्ही योग्यच आहेत. आरोग्यसेविका तोंड उघडायला लावते, बॅटरीने गालाची आतली बाजू पाहते. त्याच तंबाखूचा रस पुढे जिथून खाली उतरतो तिथे मात्र बॅटरीचा उजेड संपतो. कॅमेऱ्याची गोळी मोठ्या शहरांतल्या खासगी रुग्णालयांत आहे, मुख्यतः लहान आतड्याच्या तपासणीसाठी. तालुक्याच्या दवाखान्यात ती कधी येईल, येईल तेव्हा तिला दोरा असेल की स्पंज, हे मला सांगता येणार नाही.

भाच्याशी बोलताना एक गोष्ट मात्र मला नव्याने कळली आणि तिने माझा बराच भ्रम उतरवला. मी त्याला म्हणालो, “तेव्हा ही गोळी असती तर अब्बांची ती नळीची यातना तरी वाचली असती.” तो म्हणाला, “मामू, नानांना ही गोळी कोणीच दिली नसती. ज्याला घास अडकतो त्याच्या गळ्यात गोळीही अडकू शकते. अशा माणसाला थेट दुर्बीणच लागते, आणि तीही लगेच.”

मी कितीतरी वेळ यावर विचार करत राहिलो. म्हणजे ही गोळी आजाऱ्याची नव्हेच. ती कडक भाकरी खाणाऱ्या अब्बांची होती. 2002 च्याही आधीच्या, भात्यासमोर बसून हसत बोलणाऱ्या, कसलीही तक्रार नसलेल्या अब्बांची. त्या माणसाला कोणीतरी म्हणायला हवे होते की तुमचे वय इतके, तंबाखू इतक्या वर्षांची, चहा असा, तर एकदा आत पाहून घेऊ. आणि त्या माणसाने ते ऐकायला हवे होते. यंत्रापेक्षा हे दुसरे काम अवघड आहे. आपल्या लोकांत दुखत नसताना दवाखान्यात जाणे म्हणजे नसती बला अंगावर घेणे. “अल्लाने अच्छा रखा है, क्यों देखना?” हे वाक्य मी किमान शंभर तोंडांतून ऐकले आहे. पण अब्बा भांडे गळायला लागण्याची वाट पाहत नसत. ताक कळकायच्या आधीच ते गिऱ्हाइकाला सांगत की यंदा कल्हई करून घ्या. सांगण्याची ती एक वेळ असते. ती गेली की भांड्यातले अन्न टाकून द्यावे लागते.

मोहल्ल्यात आता वरचेवर आरोग्य शिबिरे होतात. जमातखान्यात टेबले मांडतात, साखर तपासतात, रक्तदाब पाहतात, चष्म्याचे नंबर काढतात. गेल्या दोन शिबिरांत आम्ही आणखी एक खुर्ची मांडली. तिथे यंत्र काहीच नाही. चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाला तीन प्रश्न विचारायचे. तंबाखू-सुपारी किती वर्षे? चहा उकळता पिता का? आणि गेल्या वर्षी जे खात होता ते सगळे आज खाता येते का? तिसऱ्या प्रश्नाला जो अडखळतो त्याला चिठ्ठी देऊन सोलापूरला दुर्बिणीसाठी पाठवायचे, आणि चिठ्ठी त्याच्या हातात न देता घरातल्या कर्त्या माणसाच्या हातात द्यायची. बायकांना हा प्रश्न वेगळा बोलावून विचारावा लागतो. दस्तरखानावर सगळ्यांचे झाल्यावर त्या जेवतात. त्यांनी भाकरी कधी सोडली, हे पाहायला तिथे कोणी नसते.

पहिल्या शिबिरात एका पेंटर चाचांनी मला उलट विचारले, “सर, ते कॅमेऱ्याचं कॅप्सूल मिळतं म्हणे, ते कधी देणार?” मी म्हटले, “येईल तेव्हा येईल, चाचा. तोवर खरं सांगा, भाकरी खाताय की भात?”

ते थोडा वेळ बोलले नाहीत. मग खुर्ची पुढे ओढून बसले.